शंभर मिलीचा संसार

सामान कमी न्यावं, हा उपदेश जगात नेहमी तीच माणसं करतात ज्यांचं सामान दुसऱ्याच्या पिशवीत असतं. हे माझं मत काही काल-परवाचं नाही. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला एवढं तरी कळतं की काटकसरीवर सगळ्यात जास्त तोच बोलतो, ज्याचा हप्ता जामीनदार भरत असतो.

त्यातून आम्ही वर्ध्याचे. साधेपणावर बोलण्याचा परवाना आम्हाला जन्माच्या दाखल्यासोबतच मिळतो. एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला पवनार. मधल्या माणसाने तिसरा शर्ट बॅगेत टाकला की कोणीतरी बापू कुटीकडे बोट दाखवतोच. बोट दाखवणाऱ्याच्या घरी तीन कपाटं असतात, ती गोष्ट वेगळी.

हल्ली वर्ध्याची माणसंही विमानाने जाऊ लागली आहेत. पोरं पुण्याला नोकरीला, लग्नं पुण्याला, आणि गाडीचं रिझर्व्हेशन कोणालाच मिळत नाही. मग नागपूरपर्यंत पंच्याहत्तर किलोमीटर जायचं आणि सोनेगावहून उडायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना अशी मुभा दिली की जो प्रवासी पोटात टाकायचं सामान आणणार नाही, त्याला तिकिटात सूट द्यावी. (पोटात म्हणजे विमानाच्या.) 'सूट' हा शब्द दिसला की मध्यमवर्गीय माणसाचा विवेक सुटतो. घरातला कर्ता पुरुष लगेच जाहीर करतो, "आपण फक्त हँडबॅगवर जायचं! माणशी सात किलो! काय लागतं माणसाला?"

काय लागतं ते त्याला माहीत नसतं. कारण ते आजवर त्याने कधी भरलेलंच नसतं.

आधी नियम सांगतो. नियम सांगणं हा आमचा धंदाच आहे. हातातली बॅग एकच, वजन सात किलो, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज ११५ सेंटिमीटर. त्यातले पातळ पदार्थ, म्हणजे तेल, शांपू, क्रीम, जेल, अत्तर, फवारे, टूथपेस्टसुद्धा, शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत किंवा ट्यूबमध्ये न्यायचे नाहीत. आणि असं सगळं मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत मावलं पाहिजे. परदेशी जाणाऱ्या विमानाला हा नियम पक्का. देशातल्या देशात तो कुठे सैल, कुठे घट्ट. पाण्याची बाटली बहुधा जाऊ देतात, शांपूची अडवतात.

हा नियम आकाशातून पडलेला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनच्या पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. ब्रिटनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं सरबताच्या बाटल्यांतून स्फोटकं नेऊन हवेत उडवायची, असा तो बेत होता. पहिले काही दिवस तर तिथे हातात पाकीट आणि पासपोर्टाखेरीज फारसं काही नेऊच देत नव्हते. तान्ह्या बाळाचं दूधसुद्धा न्यायचं तर आधी चाखून दाखवावं लागे. मग त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत हा शंभर मिलीचा हिशेब ठरला आणि जगभर पसरला. आता काही ठिकाणी नवी यंत्रं आली आहेत. स्कॉटलंडच्या एडिंबरा विमानतळाने २०२५ मध्ये मर्यादा दोन लिटरपर्यंत नेली. पण आपल्या मोठ्या बाटलीसाठी आधी एडिंबऱ्याला जायचं, हे वर्धेकराला परवडण्यासारखं नाही.

नियमाची खरी गंमत अशी की तो आतल्या मालाला नाही, बाटलीला लागतो. दोनशे मिलीच्या बाटलीत तळाला चमचाभर तेल असलं तरी ती बाटली बाद. पन्नास रुपयांचा चेक लिहून आणणाऱ्याला "तुमच्या चेकबुकात शंभर पानं आहेत, सबब पैसे मिळणार नाहीत" असं आम्ही कधी म्हटलेलं नाही. (बाकी पुष्कळ कारणं सांगतो.) पण कारकून म्हणून मला हा नियम समजतो. तपासणाऱ्याला मापायला वेळ नसतो. बाटलीवर छापलेला आकडा वाचता येतो. जो आकडा वाचता येतो, तोच सरकारी कामात खरा.

मला न सुटलेलं कोडं खोबरेल तेलाचं आहे. हे तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठतं. आमच्याकडे डिसेंबरात बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. काडीने कोरून काढावं लागतं. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तेच तेल पाण्यासारखं वाहतं. मग हा पदार्थ घट्ट की पातळ? वर्ध्याहून घट्ट निघून विमानतळावर पातळ झाला, तर गुन्हा कुठे घडला असं धरायचं?

असो. नियमाशी माझं भांडण नाहीच. माझं भांडण नियमाच्या नावाखाली जो एक जुना विनोद नव्याने चालू झाला आहे, त्याच्याशी आहे. 'बायकांचा मेकअप' हा तो विनोद. आमच्या शाखेत आम्ही लग्नाला पुण्याला निघालो हे कळताच एका सहकाऱ्याने विचारलं, "काऊन जी, वहिनींच्या पावडर-लालीसाठी अलग तिकीट काढलं का नाई?" सगळे हसले. ज्यांच्या दाढीचा साबण स्वतःच्या बॅगेत असेल असा त्यांत एकही नव्हता.

म्हणून मी निघायच्या आदल्या रात्री बी.कॉम.च्या पदवीला स्मरून आमच्या सौभाग्यवतींच्या त्या बदनाम पाउचची रीतसर तपासणी केली. भाजीवाल्याकडून काटा आणला. एकूण वजन भरलं एक किलो दोनशे ग्रॅम. मग खतावणी मांडली, ज्याचं त्याच्या खात्यावर नावे टाकलं.

माझ्या खात्यावर निघालं: दाढीचं क्रीम, दाढीनंतर लावायचं ते झोंबणारं पाणी, खोबरेल तेल, आणि मला प्रवासात हटकून लागणारं पित्ताचं पातळ औषध. चिरंजिवांच्या खात्यावर: केस उभे करायचं जेल, अंगावर मारायचा फवारा आणि मुरमांचं मलम. आमच्या आईच्या खात्यावर: गुडघ्याचं तेल, डोक्याचा बाम, खोकल्याचं औषध. संयुक्त खात्यावर: टूथपेस्ट, जंतुनाशकाची बाटली, कोणाची तरी लागतील म्हणून घेतलेल्या सेफ्टीपिना. आणि खुद्द खातेदारणीच्या नावावर: काजळाची पेन्सिल, एक लिपस्टिक, पावडरची चपटी डबी, कुंकवाची डबी, टिकल्यांचं पाकीट आणि कोल्ड क्रीमची एवढीशी डबी. एकूण वजन एकशे चाळीस ग्रॅम. तेरीज जुळली, एका ग्रॅमचा फरक नाही.

म्हणजे ज्याला जग 'बायकोचा मेकअप' म्हणतं, त्यात बायकोचा वाटा बारा टक्क्यांहून कमी. उरलेले अठ्ठ्याऐंशी टक्के तिच्याकडे अनामत ठेव म्हणून आहेत. बिनव्याजी.

आणखी एक बघा. तिच्या यादीत पातळ म्हणण्यासारखी वस्तू एकच, ती क्रीमची डबी. लिपस्टिक घट्ट, पावडर कोरडी, कुंकू कोरडं, काजळाची पेन्सिल. टिकलीला तर वजनच नाही. आख्ख्या विमानाच्या बायकांच्या टिकल्या एकत्र केल्या तरी काटा हलायचा नाही. शंभर मिलीच्या कायद्याला जे जे अडतं ते माझं, पोराचं आणि आईचं. कायदा मोडणारे आम्ही, आणि झडती तिची!

झडतीही पाहिली. येताना एका विमानतळावर (नाव सांगत नाही) तो पाउच यंत्रातून गेला आणि बाजूला निघाला. तिथल्या मुलीने अदबीने चेन उघडली आणि एकेक वस्तू ट्रेमध्ये मांडली. आईच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली दोनशे मिलीची होती, आत बोटभर तेल. "मॅडम, हे जाणार नाही." आमच्या मागे एक गृहस्थ उभे होते, सुटाबुटातले. ते मोठ्याने म्हणाले, "लेडीज लोकांचा मेकअप आटोपला की आपला नंबर लागेल." रांगेतले चार लोक हसले. आई पलीकडे चाकाच्या खुर्चीत बसली होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिने पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं. आमची ही काहीच बोलली नाही. 'माझं नाही, सासूबाईंचं आहे' एवढे चार शब्द तिला सहज बोलता आले असते. ते बोलली असती तर हसणारे गप्प झाले असते. पण मग सगळ्यांचे डोळे आईच्या गुडघ्यांकडे गेले असते. तिने बाटली मुकाट्याने टोपलीत टाकली, उरलेलं सामान पाउचात भरलं आणि चेन ओढली. त्यानंतर त्या गृहस्थांच्या बॅगेतून भली मोठी अत्तराची बाटली निघाली. ती परदेशी आहे, महाग आहे, हे ते दहा मिनिटं त्या मुलीला समजावत होते. रांग थांबली होती. कोणी हसलं नाही.

मी त्या मुलीला दोष देत नाही. ती कारकून, मी कारकून. मी दोष देतो त्या हसण्याला.

साधेपणाचे दाखले देणाऱ्यांसाठी एक दाखला माझ्याकडेही आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले. जकातवाल्यांनी सामान विचारलं. त्यांनी हसत यादी सांगितली, ती प्रसिद्धच आहे: सहा चरखे, तुरुंगातली ताटं, शेळीच्या दुधाचा डबा, हातसुताचे सहा पंचे, टॉवेल आणि आपली अब्रू, जिची किंमत फारशी नसावी. आता आजच्या नियमाने बघा. सहा चरखे सात किलोत बसत नाहीत. शेळीच्या दुधाचा डबा शंभर मिलीचा खास नसणार, टोपलीत! राहता राहिली अब्रू. तीन वर्षांनी, १९३४ साली, हा माणूस वर्ध्याला राहायला आला, म्हणून आम्ही साधेपणाचे वारसदार. पण साधेपणा म्हणजे वस्तू नसणं नव्हे, एवढं त्या यादीवरून कळतं. जे लागतं ते न लाजता मोजून सांगणं, हाही साधेपणाच. आमच्याकडे उलटं झालं आहे: आपलं सामान दुसऱ्याच्या पिशवीत कोंबायचं आणि स्वतः मोकळ्या हातांनी साधेपणावर बोलायचं.

कोणी म्हणेल, "पण मुळात मेकअप हवाच कशाला?" हे विचारणारा गृहस्थच लग्नाच्या दिवशी सकाळी म्हणतो, "जरा नीट तयार हो, चार माणसं येणार आहेत." चार माणसांसाठी तयार व्हायचं तर त्याचे एकशे चाळीस ग्रॅम तरी मंजूर करा.

नुसती तक्रार करून थांबणं आमच्या खात्यात बसत नाही, म्हणून काही सूचना करतो. दाढीनंतर तुरटी फिरवा. तिला मिलिलिटर नसतात. आंघोळीला साबणाची वडी, केसांना शिकेकाई, अंगाला उटणं: आपल्या आज्यांनी सगळं कोरडंच ठेवलं होतं. शांपूच लागत असेल तर किराणा दुकानातली पुडी घ्या. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी गरिबाला परवडावा म्हणून शांपू पुडीत भरला; त्यांच्या मुलाने १९८३ मध्ये 'चिक' काढून ती पुडी गावोगाव नेली. ज्या पुडीला शहरातले लोक नाकं मुरडत, ती आज हँडबॅगवाल्याच्या सगळ्यात सोयीची आहे. मॉलमधल्या इवल्याशा 'ट्रॅव्हल' बाटल्यांवर पैसे घालवण्याचं कारण नाही. आणि हो, खोबरेल तेल पुण्यातही मिळतं. पुणेकर मान्य करणार नाहीत, पण डोकी त्यांनाही आहेत.

मात्र मुख्य कलम शेवटचं. नियम नीट वाचा, तो माणशी आहे. सात किलो माणशी, एक लिटरची पिशवीही माणशी. चौघांच्या कुटुंबाला चार पिशव्यांचा हक्क आहे. तीन कोऱ्या ठेवून चौथीत चौघांचा संसार कोंबायचा, हे कोणत्याही विमान कंपनीने सांगितलेलं नाही. ती आपली घरची वहिवाट आहे, आणि वहिवाट मोडायला दिल्लीची परवानगी लागत नाही. बाजारात पारदर्शक पिशव्या मिळतात. घरात माणसं किती ते मोजावं, तितक्या आणाव्यात, प्रत्येकीवर नाव घालावं. म्हाताऱ्या माणसाची पिशवी त्याच्या पोराने धरावी, कारण गुडघे त्याच्या आईचे आहेत.

एकूण ठराव एका ओळीचा: ज्याचं डोकं, त्याचं तेल. सूचक मी. अनुमोदकाची वाट पाहतो आहे; शाखेत अजून कोणी हात वर केलेला नाही.