जमाखर्च : पळसदरीला उतरणारा मध्यमवर्ग

वर्षाला ७.५ लाख रुपये कमावणारं कुटुंब मध्यमवर्गीय म्हणायचं का? सरकारी कागद चाळले तर उत्तर खिडकीगणिक बदलतं. रेशनच्या खिडकीवर ते पांढऱ्या कार्डाचं, कारण १ लाखाच्या वर गेलेले सगळेच तिथे सुखवस्तू. खुल्या प्रवर्गातलं असेल आणि बाकीच्या अटींत बसत असेल तर ८ लाखांच्या आत म्हणून आरक्षणापुरतं आर्थिकदृष्ट्या दुर्बल. २०२४ च्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत ६ ते ९ लाख म्हणजे मध्यम उत्पन्न गट, तर मुंबई महानगर प्रदेशातल्या म्हाडाच्या सोडतीत तेच ६ ते ९ लाख अल्प उत्पन्न गट. त्यातही गंमत १२ लाखांच्या आकड्याची. २०२५ च्या अर्थसंकल्पानं नव्या करप्रणालीत तेवढ्या उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला, कारण मध्यमवर्गाला दिलासा हवा होता. म्हाडाकडे मात्र १२ लाख ओलांडले की माणूस थेट उच्च उत्पन्न गटात जातो.

हे आकडे जुळत नाहीत, कारण सगळे मिळकत मोजतात आणि घर व वाट सोडून देतात. ७.५ लाख म्हणजे महिना ६२,५०० रुपये. मुंबईत घर घ्यायला १ कोटीचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता ८६,८०० च्या आसपास. म्हणजे महिना १ लाख मिळवणाऱ्या, म्हाडाच्या मध्यम गटाच्या अगदी टोकावरच्या घरालाही किराणा, शाळा, औषधपाणी १३ हजारांत भागवावं लागेल. २५ लाखांच्या कर्जाचा हप्ता मात्र २१,७०० च्या घरात, ६२,५०० च्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढा. तेवढ्यात बसणारं घर शोधत माणूस डोंबिवली, बदलापूर, नेरळ असं करत कर्जतला येतो आणि तिथेही नाही जमलं तर पुढे पळसदरीला. सीएसएमटीपासून कर्जत १०० किलोमीटर. तिथून पळसदरीला नेणारा खोपोली फाटा एकेरी, गाड्या मोजक्या. कर्जतला जोडगाडी चुकली की फलाटावर ताटकळणं किंवा रिक्षा. फोर्टातल्या नोकरीसाठी घर ते कचेरी जाऊन-येऊन दिवसाचे ५ तास धरा. २५ दिवसांचे १२५ तास झाले. कचेरीतल्या २०० तासांवर भागलं तर ६२,५०० चे तासाला ३१२ रुपये पडतात, प्रवास धरला तर १९२. हा तोटा कुठल्याही उत्पन्नाच्या दाखल्यावर येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : कोणी सांगितलं होतं पळसदरीला राहायला? हवा चांगली, घर मोठं, पावसाळ्यात समोर धबधबे. खरं आहे. ज्यांचं कर्जत-खालापुरात दुसरं घर आहे, त्यांच्यासाठी तर शंभर टक्के खरं. पण शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्याची निवड आणि पहाटेची लोकल धरणाऱ्याची निवड एकाच मापानं मोजता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आसपास. इथल्याच ठाकूर-कातकरी वाड्यांवरून पाहिलं तर महिना ६२ हजारवाला साहेबच. त्याच्यासाठी गळा काढायचं कारण नाही, हे मान्य. गरिबांच्या वाट्याचं काही त्याला द्या, असंही इथे म्हणणं नाही. पण घरांच्या योजना आखणाऱ्यांनी तरी तो नेमका कुठे उभा आहे ते नीट मोजायला हवं.

आज तसं होत नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारनं उत्पन्नाच्या मर्यादा वाढवल्या, ते बरं केलं. पण मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही महानगर प्रदेशांना एकच पट्टी लावली. दादर आणि नागपूर एका रांगेत. कर्जत आणि खोपोली या नगरपरिषदाही मुंबई महानगर प्रदेशातच येतात, त्यामुळे दादर आणि कर्जतही एकाच रांगेत. पनवेल-कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा नवा उपनगरी मार्ग तर इमारतींच्या जाहिरातींत केव्हाचाच धावतो आहे. त्यानं वेळ वाचेल, पण वाचलेल्या वेळेची किंमत जागामालक आधीच वसूल करील. मग स्वस्त घराची हद्द आणखी पुढे सरकेल.

माझ्या मते कामाच्या ठिकाणापासून तासाभराच्या अंतरावरचं घर उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्यात ज्याला परवडतं, तो त्या शहराचा मध्यमवर्ग. या हिशेबानं मुंबईत महिना १ लाखवालाही बसत नाही. म्हाडानं पुढच्या सोडतीआधी गटांच्या मर्यादा सरसकट न ठेवता त्या-त्या भागातली घरभाडी आणि प्रवासाचा वेळ पाहून ठरवाव्यात आणि त्यामागचा हिशेब अर्जासोबत छापावा.