काळ ओळखा, अर्थ ओळखा

दहावी-बारावीची मुले आमच्याकडे इंग्रजी अर्ज तपासून घ्यायला येतात. शब्द बहुतेकांचे बरोबर असतात, अडते ते क्रियापदाशी. मराठीचा साचा इंग्रजीवर चढवला जातो. त्यात कमीपणा काही नाही, पण हे दोन साचे कुठे वेगळे होतात ते मुलांना कळले पाहिजे.

'मी कालच फी भरली आहे' असे आपण सहज बोलतो. म्हणून मुले 'आय हॅव पेड द फी यस्टरडे' लिहितात. इंग्रजीत काल, सोमवारी, 2020 साली अशी गेलेली वेळ सांगितली की 'हॅव' चालत नाही. साधा भूतकाळ वापरावा, 'आय पेड द फी यस्टरडे'. वेळ न सांगता काम झाले एवढेच कळवायचे असेल तर 'आय हॅव पेड द फी'. तसेच 'डिड' आले की भूतकाळ त्यातच आला. पुढे 'वेन्ट' नको, 'आय डिड नॉट गो' असेच लिहावे.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. इंग्रजीत हे भाव आहेतच, रूपे निराळी. 'पाऊस पडला असता, तर पीक आले असते' या संकेतार्थात दोन्हीकडे 'असता-असते' आहे, म्हणून मुले दोन्हीकडे 'वुड' घालतात. इंग्रजीत 'इफ'च्या बाजूला 'हॅड' आणि दुसऱ्या बाजूला 'वुड हॅव' येते.

विध्यर्थाचा संबंध तर थेट हक्काशी आहे. घरी आलेल्या सरकारी पत्रात 'मे' असेल तर ती मुभा, 'मस्ट' असेल तर ती सक्ती. कायद्यात 'शॅल' बहुधा बंधन सांगतो. पण 'शॅल'पुढे काय आहे तेही वाचावे लागते. 1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या मूळ कलम 45 मध्ये 'शॅल एन्डेव्हर' होते. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा राज्याने 'प्रयत्न करावा', असा त्याचा अर्थ. शिवाय ते मार्गदर्शक तत्त्व, त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नव्हती. 2002 च्या 86व्या घटनादुरुस्तीने कलम 21-अ आले. तिथे 'शॅल प्रोव्हाइड' आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्याने शिक्षण 'द्यायचेच', आणि तोही मूलभूत हक्क म्हणून. हे कलम 1 एप्रिल 2010 पासून लागू झाले. 'प्रयत्न' हा शब्द गळायला किती वर्षे गेली, ते मुलांनी स्वतः मोजावे.

तेव्हा पालकांनो, मुलांकडून रोज पाच क्रियापदांची तीन रूपे मोठ्याने म्हणवून घ्या: गो, वेन्ट, गॉन, राइट, रोट, रिटन. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. मूल कुठे अडखळले ते ऐकणाऱ्याला कळतेच. आणि घरात इंग्रजी पत्र आले की त्यातले 'मे', 'मस्ट', 'शॅल' मुलांकडून आधी अधोरेखित करून घ्या, सही नंतर करा.