किल्ल्याखालचे खोके

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी माझ्या नातवाने निगडीतल्या आमच्या अंगणात किल्ला बांधायला घेतला. प्राधिकरणातल्या आमच्या घराला अजून हातभर अंगण आहे, म्हणून मोशीच्या अकराव्या मजल्यावर राहणारा हा गडकरी दर दिवाळीला आमच्याकडे मुक्कामास येतो. ह्या खेपेस त्याला चाकणचा संग्रामदुर्ग करायचा होता. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे तो किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजवला, ही हकीकत मीच त्याला रंगवून सांगितली होती. संग्रामदुर्ग हा भुईकोट, त्याला डोंगर लागत नाही, हे सांगायला मात्र मी विसरलो. त्याने आपल्या नेहमीच्या रिवाजाने विटा रचल्या, दगड मांडले, गोणपाट भिजवले. आणि उंची कमी पडते असे पाहून पलंगाखालचे एक मोठे खोके ओढून आणले, ते मधोमध ठेवले, त्यावर चिखल थापला आणि अळीव पेरले.

संध्याकाळी तळवड्याच्या कोंडीतून सुटून चिरंजीव चाकणहून घरी आले. किल्ल्याचे कौतुक करायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. "बाबा, हे खोके कुणी काढले?" एवढेच ते बोलले, पण तो आवाज ऐकून सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर धावत आल्या. खोक्यात लेगोच्या ठोकळ्यांचा, एका मोटारीचा संच होता. कंपनीने तो काढणे बंद केले होते. चिरंजिवांनी तो चार वर्षांपूर्वी घेतला होता आणि भाव चढण्याची वाट पाहत न उघडता ठेवला होता. त्यांच्या घरातली कपाटे असल्या खोक्यांनी भरली, तेव्हा उरलेली आमच्या पलंगाखाली आली होती. आता त्या खोक्याचा एक कोपरा चेपला होता आणि झाकणावरच्या चित्राला ओल लागली होती. आतल्या एकाही ठोकळ्याला काही झाले नव्हते. तरी चिरंजिवांच्या हिशेबाने निम्मी किंमत बुडाली होती.

वाचकहो, खेळणे शाबूत आणि किंमत मात्र बुडालेली, हा चमत्कार माझ्या जुन्या डोक्यात शिरेना. म्हणून मी ह्या व्यापाराची माहिती काढली. आणि जसजशी माहिती मिळत गेली तसतसा माझा राग वाढत गेला. तो राग मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे. दिवाळीच्या अंकात रागावू नये असा संकेत आहे. पण घरात मुले जमलेली असतात ती ह्याच दिवसांत, तेव्हा हे बोलायचे तर आताच.

व्यापार असा आहे. कंपनी एखादा संच दोनतीन वर्षे विकते आणि मग त्याचे उत्पादन थांबवते. ज्यांना तो हवा असतो त्यांना तो दुकानात मिळेनासा होतो, आणि ज्यांनी तो सीलबंद जपून ठेवला ते मागतील ती किंमत सांगू लागतात. हा नुसता पोरकटपणा नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. मॉस्कोच्या अर्थशास्त्राच्या विद्यापीठातल्या दोन संशोधक बाईंनी १९८७ ते २०१५ ह्या काळातल्या दोन हजारांवर संचांचे भाव तपासले आणि २०२१ साली निष्कर्ष जाहीर केला, की अशा संचांवर सरासरी वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास नफा सुटतो. चिरंजिवांनी तो आकडा माझ्या तोंडावर फेकला. मी म्हटले, "अरे, सरासरी हा मोठा लबाड प्राणी आहे." त्याच अभ्यासात काही संचांना प्रचंड लाभ आणि काहींना सपशेल तोटा झालेला आहे. आणि चेपलेला कोपरा, अडलेले कपाट, पाठवणीचा खर्च ही खर्चाची बाजू मांडायला खोकी जमवणारे सोयिस्करपणे विसरतात.

ताजमहालाचीच गोष्ट घ्या. २००८ साली लेगोने ५,९२२ ठोकळ्यांचा ताजमहाल काढला. पुढे तो बंद झाला आणि त्याचे भाव असे भडकले की शहाजहानही दचकला असता. २०१७ साली कंपनीने तोच ताजमहाल जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा बाजारात आणला, आणि जुने ताजमहाल उराशी धरून बसलेल्यांचे भाव धाडकन कोसळले. ज्या दुर्मिळपणावर तुम्ही संसाराचे गणित बांधता, त्या दुर्मिळपणाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे!

अमेरिकेत ह्याहून मोठा तमाशा होऊन गेला. 'बीनी बेबीज' नावाच्या कापडी बाहुल्यांनी १९९०च्या दशकात शहाण्यासुरत्या माणसांना वेड लावले. लोकांनी त्यांच्या कानांवरच्या चिठ्ठ्यांनासुद्धा प्लॅस्टिकची आवरणे घातली. १९९९ साली लास व्हेगासच्या न्यायालयात एक घटस्फोटित जोडपे न्यायालयाच्या जमिनीवर उकिडवे बसून आपल्या बाहुल्यांची एकेक करून वाटणी करीत होते. ते छायाचित्र जगभर गाजले. नंतर थोड्याच काळात त्या बाहुल्यांना कवडीमोल भाव आला.

असे का झाले? जुने खेळणे महाग का असते, ह्याचा विचार करा. पन्नास वर्षांपूर्वीची पत्र्याची मोटार आज महाग आहे, कारण तिच्या बहिणी मुलांनी खेळून खेळून मोडल्या, जिन्यावरून लोटल्या, पावसात विसरल्या. त्या मुलांनी खोकी फाडली म्हणून उरलेले एखादे खोके मोलाचे ठरले. म्हणजे खोके राखणारा हा खोके फाडणाऱ्या मुलांच्या जिवावर जगतो. आणि सगळ्यांनीच खोकी राखायची ठरवली, तर दुर्मिळ राहील काय? प्रत्येक पलंगाखाली तोच खजिना, आणि गिऱ्हाईक कोणीच नाही. हा व्यापार शहाण्यांचा म्हणतात. पण इतर सर्वांनी वेडे राहावे एवढीच त्याची अट आहे.

आमच्या ह्या पट्ट्याला साठेबाजी नवी नाही. चाकणची कांद्याची बाजारपेठ मोटारींच्या कारखान्यांहून जुनी आहे. भाव चढण्याची वाट पाहत कांदा चाळीत ठेवणाऱ्याला आपण शिव्या देतो. पण त्याच्या डोक्यावर निसर्गाचा एक चौकीदार बसलेला असतो. कांद्याला कोंब येतो, कांदा सडतो, आणि आज ना उद्या तो बाजारात काढावाच लागतो. अखेर तो कुणाच्या तरी भाकरीबरोबर पोटात जातो. प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला कोंब येत नाही. तो वीस वर्षे तसाच राहू शकतो. ह्या साठ्यात नासते ती वस्तू नव्हे. ज्याने तिच्याशी खेळायचे त्याचे वय नासते. खोके आले तेव्हा माझा नातू पाच वर्षांचा होता. त्या दिवाळीला नऊ वर्षांचा झाला होता. भाव चढेल तेव्हा त्याला मिसरूड फुटलेले असेल.

हेच लोण आता लहानग्या मोटारींपर्यंत गेले आहे. १९६८ साली अमेरिकेत निघालेल्या 'हॉट व्हील्स' म्हणजे बोटाएवढ्या गाड्या; मुलाने खिशात घालून शाळेत न्याव्यात अशा. त्यांत १९९५पासून 'ट्रेझर हंट' म्हणून काही दुर्मिळ गाड्या मिसळून येतात. दुकानात नवा माल आला की मिशीवाले गृहस्थ त्या शोधायला फळ्या उलथ्यापालथ्या करतात, आणि मागाहून आईचे बोट धरून आलेले पोर रिकाम्या खिळ्यांकडे पाहत परत जाते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्या पोराचा अपराध एवढाच, की त्याला गाडी चालवायची होती!

आणि ज्याच्या नावाने हा सारा बाजार चालला आहे, तो लेगोचा मूळपुरुष कोण? डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा ओले किर्क क्रिस्तियान्सेन नावाचा एक सुतार. मंदीने धंदा बसला तेव्हा, १९३२च्या सुमारास, तो लाकडाची खेळणी करू लागला. म्हणजे जातकुळी आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीतल्या कारागिरांचीच. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांच्या आरंभीच्या अक्षरांतून त्याने 'लेगो' हे नाव जोडले. ठोकळ्याचे आजचे रूप १९५८ सालचे. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात नेमका बसतो. आजोबाचे खेळणे नातवाच्या खेळण्याला जोडता यावे, ही त्यातली खरी मौज. ज्याच्या नावातच 'खेळ' अशी आज्ञा आहे, ते न खेळता ठेवणे म्हणजे शंख आणून देवघरात बांधून ठेवण्यासारखे आहे.

आता चिरंजिवांची बाजूही सांगतो, कारण ती लटकी नाही. भाऊबीजेच्या रात्री राग निवल्यावर ते म्हणाले, "बाबा, तुम्ही एका कारखान्यात लागलात आणि त्याच कारखान्यातून निवृत्त झालात. माझ्या खात्यातली निम्मी माणसे कंत्राटी आहेत. विजेवरच्या गाड्या आल्या की माझे खातेच राहील की नाही, मला ठाऊक नाही. हे खोके म्हणजे त्याची कॉलेजची फी आहे."

मी गप्प बसलो. मग त्यांनी पुढचा बाण सोडला. "आणि बाबा, माझी ती चावीची आगगाडी आठवते?"

आठवते. न आठवून कशी चालेल? मुंबईहून आणलेली ती आगगाडी मोडू नये म्हणून मी दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवली होती. पाहुणे आले की चावी देऊन दोन फेऱ्या, आणि पुन्हा काचेआड. तिच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीतली एक बाहुलीही उभी असे. आमच्या पिढीच्या किती घरांत असली शोकेस होती, हे तुम्हीच आठवून पाहा! मुलाच्या मालकीची वस्तू मुलापासून वाचवण्याची विद्या चिरंजिवांना मीच शिकवली. त्यांनी फक्त तिला व्याज लावले.

आणि व्याजाचा धडाही माझाच. आकुर्डीत स्कूटर तयार होत होत्या, पण आकुर्डीपासून कोसभर राहणाऱ्यालाही ती नोंदणीनंतर वर्षानुवर्षे मिळत नसे. परवान्यांचे ते राज्य होते. १९७२ साली चेतक निघाली. पुढे मीही एक नोंदवली. माझा क्रमांक लागला तेव्हा वरचढ पैसे देणारा गिऱ्हाईक दाराशी उभा होता. मी स्कूटर त्याच्या हवाली केली, नफा गाठीला बांधला आणि सायकलीवर टांग टाकली. हिचे तेव्हा दिवस भरत आले होते. दवाखान्यात जायला तिने भर गर्दीत, दांडा धरून, बसने प्रवास केला. नफ्याच्या पैशांच्या पाटल्या केल्या. त्या तिने घातल्या, पण त्या बसची गोष्ट ती कधी बोलली नाही. तो नफा किती होता हे मला आज आठवत नाही. बसच्या पायरीवरचा तिचा पाय आठवतो.

म्हणून माझे म्हणणे हे परक्याचे नाही, त्याच वाटेने गेलेल्याचे आहे. उद्याची भीती खरी आहे. तिच्यासाठी बँक आहे, पोस्ट आहे, विमा आहे, सोने आहे. सोने तिजोरीत पडून राहिले म्हणून कुणाचे बाळपण अडत नाही. पण मुलाच्या डोळ्यांसमोर, मुलासाठी बनवलेली वस्तू, 'हात लावू नकोस' म्हणून ठेवणे ही बचत नव्हे. तो मुलाला दिलेला पाठ आहे: वस्तू वापरण्यासाठी नसते, विकण्यासाठी असते, आनंद हा कोपरा चेपण्याचाच एक प्रकार आहे. फीचे पैसे कदाचित उभे राहतील. हा पाठ मात्र फुकट, आणि जन्मभराचा.

आणि हौस असेल तर ती हौस म्हणून कबूल करावी. चिरंजिवांना त्या मोटारीचे खोके दुकानात पाहून हात पुढे करावासा वाटला, तो फीसाठी नव्हे. काचेआडच्या आगगाडीचा हिशेब त्यांना चुकता करायचा होता. तो चुकता होईल तो खोके उघडूनच. विकून होणार नाही.

त्या संध्याकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. चिरंजीव ओल्या फडक्याने खोके पुसत बसले होते. नातू चिखलाचे हात पाठीमागे धरून थोडा वेळ उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "बाबा, आता किंमत गेलीच आहे ना? मग उघडायचे का?"

चिरंजिवांनी उत्तर दिले नाही. खोके पुन्हा पलंगाखाली गेले. त्याच्या चेपलेल्या कोपऱ्यावर तो चिखल अजून वाळलेला आहे. नातू दहा वर्षांचा झाला. उद्या तो किल्ला करायला येतो आहे. कुंभारवाड्यातून मावळे मी आणून ठेवले आहेत, गोणपाट भिजत घातले आहे. आणि त्याच्या बापाला निरोप पाठवला आहे, की येताना कामावरून लवकर निघ, आणि कात्री कुठे ठेवली आहे ते तुझ्या आईला विचार.