ताळा पैशापैशाने जुळायला हवा

‘कोबोल मोडीत काढा’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. १९५९ साली आखलेली म्हणून ती भाषा टाकाऊ, हे मला मुळीच पटत नाही. पैशांचा हिशेब ती थेट दशमान पद्धतीने करते. आमची व्याजाची प्रणाली कोबोलमधून जावा भाषेत नेताना आम्ही रकमा ‘डबल’ या द्विमान प्रकारात ठेवल्या. त्यात ०.१ अधिक ०.२ केले की सतराव्या दशांश स्थळी ४ उगवतो! महिनाअखेरीचा ताळा पैशापैशाने चुकू लागला. तीन रात्री जागून सारे ‘बिगडेसिमल’ या दशमान प्रकारात बदलले, तेव्हा कुठे जमला.

जावात जरूर जा. पण दोन्ही प्रणाली निदान एक वर्षअखेर शेजारीशेजारी चालवा आणि जुन्या प्रोग्रामरना निवृत्तीआधीच गाठा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त प्रोग्रामर, पुणे