गुण नकोत, विषय द्या

तिसऱ्या भाषेच्या सक्तीवरून राज्य ढवळून निघाले. जून 2025 मध्ये सरकारला त्याबाबतचे दोन शासन निर्णय मागे घ्यावे लागले. ते भांडण आवश्यकच होते. पण राज्याच्या त्याच नव्या अभ्यासक्रम आराखड्यातल्या दुसऱ्या, तितक्याच महत्त्वाच्या गोष्टीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. माध्यमिक शाळेत व्यवसाय शिक्षण यापुढे सर्वांसाठी असेल आणि कलाशिक्षण हा वेगळा विषय असेल. दोन्ही निर्णय योग्य आहेत, त्यांच्या मधोमध उभी केलेली भिंत मात्र अयोग्य आहे. नाटक, तमाशा, संगीत, नृत्य यांवर ज्यांची चूल पेटते, त्यांचे काम शाळेच्या लेखी ‘व्यवसाय’ ठरत नाही.

2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने व्यवसाय शिक्षणाचे तीन गट पाडले: सजीवांशी निगडित काम, यंत्रे व साहित्याशी निगडित काम आणि मानवी सेवा. कलांचा विचार त्याने वेगळ्या प्रकरणात केला. 2020 चे शैक्षणिक धोरण तर कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर, व्यवसाय आणि ज्ञान यांत ठाम भेद नको, असे बजावते. धोरणाने पुसलेली रेघ वेळापत्रकाने पुन्हा ओढली आहे.

परिणाम समोर आहे. नववी-दहावीच्या कौशल्य विषयांत वाहनदुरुस्ती, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, आरोग्यसेवा, पर्यटन, कृषी असे पर्याय आहेत. अकरावी-बारावीच्या द्विलक्ष्यी अभ्यासक्रमांत विद्युत देखभाल, स्कूटर-मोटरसायकल दुरुस्ती, बँकिंग, दुग्धव्यवसाय, मत्स्यपालन आहे. हे सगळे हवेच. पण 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केल्यापासून ज्या प्रांतात नाटक हा पोटापाण्याचा उद्योग आहे, तिथे रंगमंच या यादीत का नाही?

उद्योग हा शब्द ज्यांना खटकतो, त्यांनी धान कापणीनंतर वडशाला जावे. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज म्हणजेच वडसा, ही झाडीपट्टी रंगभूमीची बाजारपेठ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली गावे इथल्या नाट्यमंडळांच्या कार्यालयांत बुकिंगला येतात. नाटक कोणते, नट-नट्या कोण, रक्कम किती, आगाऊ किती, हे समोरासमोर ठरते. दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री नाटक. उशिरा उघडलेला पडदा पहाटे पडतो आणि मंडळी सामान गाडीत चढवून पुढचे गाव गाठतात. नटांइतकेच इथे पडदे रंगवणारे, ध्वनी आणि प्रकाश सांभाळणारे, ऑर्गन-तबला वाजवणारे, रंगभूषा करणारे, हिशेब ठेवणारे लागतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही तिथल्या मुलाला गावातल्या शाळेत वाहनदुरुस्ती शिकता येईल, पण ज्या कामावर हंगामभर घरे चालतात ते नाही.

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावातही हेच दिसते. जत्रांच्या दिवसांत तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी सुपाऱ्या ठरवतात, दसऱ्याला निघालेले फड बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरत राहतात. फडाबरोबर मूल गेले की शाळेतून गळाले. त्याच्या घरचे काम शाळेने अभ्यास म्हणून मोजले असते, तर निदान दहावीच्या दाखल्यापर्यंत पोहोचण्याची एक वाट त्याला मिळाली असती.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, अभिनंदनाचे फलक लागले. पण जवारी काढणारा पुढचा हात कुठून येणार? घोडीचा माथा कानसेने किंचित घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायचे. तारेखालचा दोरा जरा सरकवून सूर खुलतो की बसतो ते पाहायचे. हे पुस्तकातून येत नाही, चौदाव्या-पंधराव्या वर्षी कारागिराशेजारी बसूनच येते. नेमक्या त्याच वयात शाळा मुलाला त्यापासून दूर ठेवते.

सरकारकडे यावर ठरलेले उत्तर असते, वाढीव गुणांचे. शास्त्रीय संगीत-नृत्याच्या परीक्षा, लोककला, चित्रकला यांसाठी दहावीला गुण मिळतात. मुलांना त्याचा लाभ होतो हे खरे, पण त्याने कला टक्केवारीची शिडी झाली. निकाल लागला की तबला माळ्यावर जातो. गुण वाटून शिक्षण होत नाही. त्यासाठी विषय लागतो, तासिका लागते, शिक्षक लागतो, प्रात्यक्षिक लागते आणि पुढे चालणारे प्रमाणपत्र लागते.

हे अशक्य नाही. केरळमध्ये कवी वल्लथोळ यांनी 1930 साली स्थापन केलेल्या कलामंडलममध्ये मूल आठवीतच कथकलीसारख्या कलेसाठी प्रवेश घेते, शालेय विषयही शिकते आणि कला-शाळेची स्वतंत्र शालान्त परीक्षा देते. कला आणि दाखला एकाच छताखाली. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पण ही दारे बारावीनंतर उघडतात. तोवर गरीब घरातला कलावंत मुलगा शिक्षणाबाहेर फेकला गेलेला असतो.

‘कलेवर पोट भरत नाही’ हा आक्षेप जुना आहे. व्यवसाय शिक्षण हेच त्याचे उत्तर. ज्याला प्रकाशयोजना, ध्वनी, करार आणि हिशेब कळतो, तो नुसत्या टाळ्यांवर जगत नाही. दुसरा आक्षेप शिक्षक कुठून आणायचे हा. धोरणानेच स्थानिक कला आणि हस्तव्यवसायांसाठी परिसरातील जाणकारांना शाळेत नेमण्याची मुभा दिली आहे. फडातला ढोलकीवाला, वडशाचा नेपथ्यकार, मिरजेचा कारागीर हे ते जाणकार. त्यांना मात्र पदवी विचारू नये आणि फुकट राबवूही नये. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेला कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देणे बंधनकारक केले. त्या निदेशकांची आपल्याकडे किती आबाळ झाली, हे कलाशिक्षकांच्या आंदोलनांनी पुरेसे सांगितले आहे. चित्रकलेच्या तासाला गणित घेणाऱ्या शाळा तर घराघरातल्या मुलांना ठाऊक आहेत. ही बेफिकिरी नव्या व्यवसाय शिक्षणात शिरली, तर आराखडा कागदावर राहील.

नव्या अभ्यासक्रमाच्या जाहीर वेळापत्रकात नववीचा क्रम 2027-28 चा होता. तेवढ्या अवधीत ‘रंगमंच आणि सादरीकरण’ हा व्यवसाय विषय तयार होऊ शकतो. सुरुवात वडसा, नारायणगाव आणि मिरज परिसरातल्या शाळांपासून करावी. शालेय शिक्षण आणि सांस्कृतिक कार्य या दोन खात्यांनी एकत्र बसून अभ्यासक्रम आखावा, आखताना त्या गावांतल्या कलावंतांना बरोबर घ्यावे आणि त्यांच्या मानधनाची तरतूद अर्थसंकल्पात दाखवावी.