दोनशे कोटींचा माणूस

मागच्या वीकएंडला होटगीला गेले होते. पुण्यातल्या ग्रुपमध्ये हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'होटगी? हे कुठं आलं?' मग सांगावं लागतं की बाबांनो, सोलापूरच्या पुढं पंधराएक किलोमीटरवर. रेल्वेचं जंक्शन आहे. इथून एक लाइन कलबुर्गी-वाडीकडे जाते आणि दुसरी विजापूर-गदगकडे. प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तर मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू येतं. माझं आजोळ. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दुपारची तीन तास झोप, माझा प्लॅन टोटल एवढाच होता.

पण घरात शिरले तर मामा जमिनीवर पेपर पसरून बसलेले आणि पुढ्यात आजोबांचा पत्र्याचा डबा. हा डबा लहानपणापासून कपाटावर बघितलेला. आजोबांची स्टेशनबाहेर पानविडीची टपरी होती. गुलबर्ग्याकडून येणारी गिऱ्हाइकं निजामाच्या राज्यातली. त्यांच्या खिशात हाली सिक्का, म्हणजे हैदराबाद संस्थानचा स्वतःचा रुपया. इकडे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारला साधारण एकशे सोळा-सतरा हाली पडायचे. गडबडीत कुणी काय टेकवून गेलं आणि नंतर ते कुठं खपलं नाही, की आजोबा ते डब्यात टाकायचे. थोडक्यात, आमचा फॅमिली खजिना म्हणजे आजोबांच्या धंद्यातली खोट. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पुढचा सीन जरा सोपा गेला असता.

'उद्या पाव्हणे यायलेत,' मामा म्हणाले. 'डबा घेऊन जाणार. मुंबईत लिलाव करतात. तीन-साडेतीन लाख आरामात म्हणले.'

पाव्हणे म्हणजे जुन्या नाण्यांचे डीलर. शुक्रवारी सोलापुरात एका हॉटेलात त्यांचा कॅम्प होता. 'जुनी नाणी, नोटा योग्य भावात खरेदी' वगैरे. मामा दोन रुपये नमुन्याला घेऊन गेले आणि व्हिजिटिंग कार्ड घेऊन परत आले. कार्ड मला दाखवलं. चकचकीत, सोनेरी अक्षरं आणि नावाच्या खाली एकच ओळ : '२५ वर्षे. २०० कोटींहून अधिक विक्री.'

'पावती देणार आहेत का?' मी विचारलं.

'अगं, काय बोलायलीस! दोनशे कोटीवाला माणूस आपल्या डब्यावर कशाला डोळा ठेवंल?'

बॉस, या एका वाक्यावर मी सगळा रविवार घालवला. कारण लॉजिक बघा, एकदम फिट आहे. मामींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, पेन्शन आहे, पण दोन गुडघे म्हणजे दोन गुडघे. आणि समोर असा माणूस, ज्याला आपल्या तीन लाखांची गरजच नाही. गरज नाही म्हणजे लोभ नाही, आणि लोभ नाही म्हणजे पावती नको. तो दोनशेचा आकडा छापलेला असतो तो याच कामासाठी.

आता गणित करू. (मास कॉमला होते, तरी भागाकार येतो.) दोनशे कोटी भागिले पंचवीस, वर्षाला आठ कोटी. वर्षात कामाचे तीनशे दिवस धरले तर रोज दोन लाख सहासष्ट हजारांची विक्री, पंचवीस वर्षं, न चुकता. मी विजयी मुद्रेने मोबाइल मामांपुढे धरला. म्हटलं, शक्य तरी आहे का?

आणि मग माझ्याच लक्षात आलं की शक्य आहे. तेच तर वाईट आहे.

एखादा माणूस दुर्मिळ नाण्यांबरोबर साधी सोन्याची नाणीही विकत असेल, म्हणजे दिवाळीला, पाडव्याला आपण घेतो ती, तर आजच्या भावाने दहा ग्रॅमची दोन-तीन नाणी गेली की दिवसाचा कोटा संपला. त्यात मिळणारा नफा अगदी किरकोळ, पण विक्रीचा आकडा मात्र टकाटक. पुढचं बघा. एक डीलर दुसऱ्या डीलरला नाणं विकतो. दुसरा तिसऱ्याला. वर्षभराने तेच नाणं पहिल्याकडे परत येतं, तो ते नव्या गिऱ्हाइकाला देतो. पन्नास हजारांचं एक नाणं असं चार वेळा फिरलं की सगळ्यांची मिळून विक्री दोन लाख झाली. नाणं एकच. आणि लिलाव असेल तर विकलेला माल आपल्यासारख्या डबेवाल्यांचा, पैसे त्यांचे, लिलाव करणाऱ्याचं फक्त कमिशन. पण कार्डावर छापताना कमिशन कोण छापतंय? तिथं पूर्ण किंमत येते.

याचं जगातलं सगळ्यात सही उदाहरण म्हणजे अमेरिकेचं १९३३ सालचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, डबल ईगल. न्यूयॉर्कमध्ये २००२ साली सदबीज आणि स्टॅक्सच्या लिलावात ते सुमारे ७५ लाख ९० हजार डॉलरला गेलं. घेणाऱ्याने नाव गुप्त ठेवलं. पुढं कळलं की तो बुटांचा डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन. त्याने ते २०२१ साली पुन्हा सदबीजकडूनच विकलं, १ कोटी ८८ लाख ७० हजार डॉलरला. दोन्हींची बेरीज २ कोटी ६४ लाख डॉलर. नाणं तेच, एकच. यात कुणी खोटं बोललेलं नाही. तारीख जाहीर, किंमत जाहीर, कुणीही तपासून बघावं. आपल्याकडेही मुंबईत टोडीवाला, ओसवाल अशी लिलाव घरं आहेत. लॉटला नंबर असतो, फोटो असतो, छापील कॅटलॉग असतो. एक विक्री अशी तपासता येते. 'आजवर एकूण' तपासता येत नाही. म्हणून तर ते कार्डावर येतं.

इथे एक कबुली देऊन टाकते, म्हणजे मला हसायचा अधिकार मिळेल. माझ्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये 'पाचशेहून अधिक लेख प्रकाशित' असं आहे. त्यात फोटोखालच्या ओळी आहेत, एकच लेख तीन ठिकाणी आला तो तीनदा मोजलेला आहे, आणि एका पुरवणीतली महिन्याभराची राशिभविष्यं आहेत. (होय, मीच लिहायचे. सिंह राशीच्या मैत्रिणींची माफी.) तुमच्या रेझ्युमेत 'पन्नास कोटींचा पोर्टफोलिओ हँडल केला' असेलच ना? हँडल म्हणजे नक्की काय, हे एचआरने विचारलं की आपण सगळेच पाणी पितो. फरक एवढाच की आपला रेझ्युमे बघून कुणी आईचे दागिने आपल्या हातात देत नाही.

असो. रविवारी अकराला पाव्हणे आले. माणूस गोड. मामींना नमस्कार, चहाला नाही म्हणाले नाहीत. डबा उघडला आणि पहिल्याच मिनिटाला एक रुपया उचलून माझ्यापुढे धरला. '१९११, मॅडम. पंचम जॉर्ज. हा सोडू नका. डुक्करछाप म्हणतात याला.'

गोष्ट खरी आहे, आणि जाम मजेदार आहे. जॉर्ज राजाच्या झग्यावर हत्ती होता, पण पाडणाऱ्यांनी तो इतका वेडावाकडा काढला की लोकांना डुक्कर दिसलं. बोभाटा झाला, रुपये परत घेतले, वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. पण वितळवायच्या आधी त्यातले सुमारे सात लाख रुपये बाहेर पडले होते. सात लाख! एखाद्या गोष्टीच्या सात लाख प्रती निघाल्या असतील तर ती दुर्मिळ म्हणताना जरा थांबावं की नाही? तसंच जुनेपणाचं. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला, म्हणजे जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या तोंडावर स्वतःची सही केली. जवळपास दोन हजार वर्षं जुनी, पण एका ठिकाणी तेरा हजार! उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया अगदी कालपरवाचा, पण तो मिळणं कठीण. म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करून विकणारे कलाकार असतात.

हे सगळं मी शनिवारी रात्री जागून वाचलं होतं. त्यातला एक शब्दही बोलले नाही. (मामांच्या डोळ्यांकडे बघून.) फक्त म्हटलं, 'काका, डबा नेताय तर यादी करू या. नाणं, साल, वजन. खाली तुमची सही. आणि तुमच्या मागच्या लिलावाचा एखादा कॅटलॉग दाखवता का?'

ते हसले. 'मॅडम, पंचवीस वर्षांत दोनशे कोटींचा माल हातावरून गेला. यादी कुणी मागितली नाही.'

'म्हणजे पक्की बिलं?'

'सगळं असतं हो.'

एका गिऱ्हाइकाकडून एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा एवढ्या विक्रीचा बराचसा भाग कुठेतरी कागदावर असणारच, असं मी अगदी गोड आवाजात म्हटलं. गोडपणा कमी पडला बहुतेक. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. 'विश्वास नसेल तर राहू द्या. मला डब्यांची कमी नाही,' म्हणाले, मामांचा हात हातात घेतला, 'ठरवा आणि फोन करा,' आणि गेले.

मामा जेवताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेंगाचटणीची वाटीसुद्धा माझ्या बाजूला सरकवली नाही. त्यांच्या दृष्टीने मी घरी आलेल्या मोठ्या माणसाचा अपमान केला होता आणि मामींचे गुडघे दारातून परत पाठवले होते. आणि खरं सांगते, तेव्हा मलाही खात्री नव्हती. तो माणूस कदाचित प्रामाणिक असेलही. यादी मागितली म्हणून चिडणारे प्रामाणिक लोकही असतातच की.

दुपारी झोप काही आली नाही. मग मी आणि मामेभाऊ बसलो आणि मामांच्या जुन्या ड्युटी डायरीत यादी केली. एकूण त्रेचाळीस नाणी. भोकाचे पैसे अकरा. ढब्बू पैसे, चिल्लर आणे. चारमिनारचं चित्र असलेले निजामाचे रुपये. दोन शिवराया, पार झिजलेल्या. इंग्रजी रुपये एकोणीस. त्यातले सात सहाव्या जॉर्जचे, १९४० नंतरचे. इथे पुन्हा इंटरेस्टिंग माल आहे. राणीछाप रुपयात साधारण ब्याण्णव टक्के चांदी असायची. युद्धात चांदी कमी पडली आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी उरली. दिसायला सगळे सारखे पांढरे. शुक्रवारी कॅम्पात 'राजाराणीचे सगळे रुपये शुद्ध चांदी' असं मामांना सांगितलं गेलं होतं.

सोमवारी सुट्टी टाकली. (संपादक, तुम्हाला आता कारण कळलं.) मामांना घेऊन सोलापुरात त्यांच्या ओळखीच्या सराफाकडे गेले. म्हाताऱ्या सराफाने प्रत्येक रुपया दगडावर वाजवला आणि कान दिला. मामा पहिल्यांदा हसले, म्हणाले आजोबा टपरीवर असंच करायचे. एकोणीसपैकी एक बद्द वाजला. खोटा निघाला. आजोबांना तो कुणी टेकवला आणि त्यांनी तो इतकी वर्षं का ठेवला, देव जाणे. बाकीच्यांचं वजन झालं, चांदीचा हिशोब झाला. रक्कम वाईट नव्हती, पण लाखांत नव्हती. एका गुडघ्यालाही पुरली नसती. सराफ म्हणाला, निजामाचे आणि १९११ चा वितळायला देऊ नका, नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. जाणकार कोण, ते मात्र त्याने सांगितलं नाही. मला नाशिकजवळची अंजनेरीची संस्था आठवली. नाण्यांवर संशोधन करणारी, स्वतःचं संग्रहालय असलेली. तिथं विक्री करून मिळत नाही, पण आपल्याकडे आहे काय ते कळायला सुरुवात तरी होते. पुढच्या महिन्यात फोटो घेऊन जायचा विचार आहे.

येताना रिक्षात मामांनी फोनवर आलेला एक मेसेज दाखवला. ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट असेल तर लाखो मिळतील, रिझर्व्ह बँकेचं चिन्ह वर, खाली 'रजिस्ट्रेशन फी'. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलंही कमिशन मागत नाही. हे मी सांगितलं. 'हे खोटंच आहे, मला कळतं,' मामा म्हणाले. 'पण ते पाव्हणे तसे नव्हते.'

घरी आलो. मामींनी विचारलं, काय झालं? मामांनी आकडा सांगितला. मामी म्हणाल्या, 'गुडघे माझे दुखतात, मला कुणी विचारलं का? एकाच गुडघ्याचं आधी करा म्हणून डॉक्टर दिवाळीपासून सांगायलेत.' आणि त्या भाकरी थापायला उठल्या.

मामांनी नाणी मोजून डब्यात भरली, त्रेचाळीस. वर डायरीतली यादी घडी करून ठेवली. मग खिशातून ते सोनेरी कार्ड काढलं, जरा बघितलं आणि तेही आत टाकलं.

'असू दे की,' माझ्याकडे न बघता म्हणाले, 'नंबर हाय त्यावर.'