जारवा दिसतील हं!

दिवाळीच्या सुटीत मराठी कुटुंबे हौसेने अंदमानला जातात. सेल्युलर जेल पाहावे, सावरकरांच्या कोठडीपुढे मान लववावी, मुलांना कोलू दाखवावा. यात गैर काही नाही. गैर आहे ते पुढच्या दिवसाच्या कार्यक्रमात. ‘बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा’ एवढेच पत्रकात छापलेले असते, पण पैसे घेताना यात्रा कंपनीचा माणूस हळूच पुस्ती जोडतो, “वाटेत जारवाही दिसतील हं!”

ही वाट म्हणजे अंदमान ट्रंक रोड. जिरकाटांगच्या पुढे तो जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. फाटकापाशी मोटारींची रांग लागते, बरोबर पोलीस असतात, थांबू नका, फोटो काढू नका अशी ताकीद मिळते. आणि आत बसलेली आमची सुशिक्षित मंडळी काचांना नाके लावून माणूस शोधत असतात! राणीच्या बागेत वाघ झोपलेला असला की पोरे हिरमुसतात, तशी ही प्रौढ माणसे “एकही दिसला नाही हो” म्हणून हळहळतात. शिक्षकांच्या खोलीत मी हे या कानांनी ऐकले आहे, आणि तेही नागरिकशास्त्र शिकवणाऱ्याच्या तोंडून.

२००२ साली सर्वोच्च न्यायालयाने या भागातला रस्ता बंद करण्यास सांगितले. रस्ता चालूच राहिला. २०१२ च्या जानेवारीत, खाण्याचे आमिष दाखवून जारवा स्त्रियांना प्रवाशांपुढे नाचायला लावल्याचे चित्रण एका इंग्रजी वृत्तपत्राने जगापुढे आणले, तेव्हा कुठे कायदा कडक झाला.

कोणी म्हणेल, “आम्ही केळी फेकत नाही, नुसते बघतो. दुसऱ्याची संस्कृती बघूच नये की काय?” अहो, जरूर बघावी! पण पळत्या मोटारीतून अर्ध्या मिनिटात कोणती संस्कृती दिसते? त्यांची भाषा, त्यांची शिकारीची आणि मध काढण्याची विद्या काचेतून कळते काय? दिसते ते इतकेच, की त्यांच्या अंगावर आपल्यासारखे कपडे नाहीत. तेच बघायचे असते, हे एकदा स्पष्ट बोललेले बरे.

शिवाय ही जवळीक तेथल्या लोकांना सोसत नाही. १८५८ साली इंग्रजांनी कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांची दाणादाण उडाली आणि २०११ च्या जनगणनेत ते ४४ उरले. बो भाषा बोलणारी शेवटची वृद्धा, बोआ सीनिअर, २०१० साली गेली. तिच्याबरोबर ती भाषाही गेली. जारवा १९९८ च्या सुमारास आपण होऊन अरण्याबाहेर येऊ लागले, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ शिरली. २०११ मध्ये ते चारशेही नव्हते. आपल्या एखाद्या मोठ्या शाळेत याहून अधिक मुले असतात.

श्रीविजयपुरममध्ये (२०२४ पर्यंत त्याचे नाव पोर्ट ब्लेअर होते) १८५९ साली धनुष्यबाण घेऊन इंग्रजांवर चालून गेलेल्या अंदमानींचे स्मारक आहे. जेलपुढे हात जोडणाऱ्या किती जणांना तेथे नेले जाते? गावातच मानवशास्त्रीय संग्रहालय आहे. तेथे मुलांना घेऊन सावकाश हिंडावे. आणि गुहाच पाहायच्या असतील तर पैसे भरण्यापूर्वी कंपनीला विचारावे, समुद्रमार्गे नेता का? नाही म्हणाली, तर तो दिवस कार्यक्रमातून कापायला लावावा आणि तेवढे पैसे कमी करून घ्यावेत.